लघुकोन, काटकोन आणि विशालकोन : तीन संज्ञांची समीक्षा

१

प्राथमिक भूमितीत कोनांचे जे त्रिविध वर्गीकरण शिकविले जाते, ते इतके परिचयाचे झाले आहे की त्याची चिकित्सा करण्याचे प्रयोजन सहसा कोणास वाटत नाही. ज्याचे माप ९० अंशांहून कमी तो लघुकोन, बरोबर ९० अंश तो काटकोन, आणि ९० हून अधिक परंतु १८० हून कमी तो विशालकोन, एवढे सांगितले की विषय संपला असे मानले जाते. पुढे विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात पोहोचतो आणि भूमितीच्या पायाभूत गृहीतकांचा अभ्यास करू लागतो. तरीही या तीन वाक्यांकडे तो पुन्हा वळून पाहत नाही.

वरील व्याख्येत असत्य असे काही नाही. तिच्यातील दोष क्रमाचा आहे. जी गोष्ट मूळची, ती तीत नंतर येते. जी केवळ संकेताने ठरलेली, ती आधी येते. काटकोन ९० अंशांचा आहे म्हणून तो काटकोन ठरत नाही. काटकोन आधी निश्चित झाला आणि त्याचे ९० समान भाग कल्पिण्याचा संकेत मागाहून रूढ झाला. अंशाची ही पद्धती वर्तुळाचे ३६० भाग करण्याच्या बाबिलोनी ज्योतिषाच्या परंपरेतून आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात दशमान पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी काटकोनाचे १०० भाग केले; वैश्लेषिक गणितात त्याच कोनाचे माप 'पाय' या संख्येच्या निम्मे मानतात. संख्या तीनदा बदलली, परंतु काटकोन जागचा हलला नाही. ज्या व्याख्येतील संख्या बदलली तरी व्याख्येय वस्तू बदलत नाही, त्या व्याख्येने त्या वस्तूचे स्वरूप सांगितले असे म्हणता येत नाही.

२

युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या पहिल्या भागात या तीन कोनांच्या व्याख्या दहाव्या, अकराव्या व बाराव्या क्रमांकांवर आहेत. त्यांत अंशाचा उल्लेख नाही. कोणत्याही संख्येचाच नाही. एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी राहून लगतचे दोन कोन परस्परांशी समान होत असतील, तर त्यांपैकी प्रत्येक कोन काटकोन होय, असा दहाव्या व्याख्येचा आशय आहे. काटकोनाहून मोठा तो विशालकोन आणि लहान तो लघुकोन, असे पुढील दोन व्याख्या सांगतात. येथे प्रथम काटकोन येतो आणि उरलेले दोन त्याच्याशी केलेल्या तुलनेने ठरतात.

हे तिन्ही प्रकार एका मोजपट्टीवरील तीन विभाग आहेत असे आजच्या पाठ्यपुस्तकांमुळे भासते. वस्तुतः त्यांची योग्यता सारखी नाही. लघुकोन अनंत आहेत, विशालकोन अनंत आहेत. काटकोन मात्र आकाराने एकच आहे. हे एकत्व व्याख्येतून आपोआप निष्पन्न होत नाही, हे युक्लिडने ओळखले होते. एका ठिकाणी लगतचे दोन कोन परस्परांशी समान आहेत आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी तसेच दोन कोन परस्परांशी समान आहेत, एवढ्यावरून पहिल्या ठिकाणचा कोन दुसऱ्या ठिकाणच्या कोनाशी समान आहे असे सिद्ध होत नाही. म्हणून 'सर्व काटकोन परस्परांशी समान असतात' हे त्याने चौथे गृहीतक म्हणून मांडले. डेव्हिड हिल्बर्टने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या पायाविषयक ग्रंथात हेच विधान एकरूपतेच्या गृहीतकांवरून सिद्ध करून दाखविले आहे. गृहीतक असो वा प्रमेय, त्याची गरज आहे हे दोघांनाही मान्य आहे. 'काटकोन म्हणजे ९० अंश' असे आरंभीच सांगितले की ही गरज दृष्टीआड होते. कारण अंश सर्वत्र सारखाच असतो हे न सांगता गृहीत धरलेले असते.

३

कोन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ग्रीक परंपरेत वादाचा होता. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस याने युक्लिडच्या पहिल्या भागावरील टीकेत या वादाचा वृत्तांत दिला आहे. एक पक्ष कोनास गुण मानतो. ॲरिस्टॉटलच्या संप्रदायातील युडेमस याने कोनावर स्वतंत्र ग्रंथ लिहून हा पक्ष मांडला होता. दुसरा पक्ष कोनास परिमाण मानतो. त्यात अपोलोनियसची गणना होते. तिसऱ्या पक्षाच्या मते कोन हा दोन रेषांमधील संबंध होय. युक्लिडने कोनाची व्याख्या 'रेषांचा परस्परांकडील कल' अशी केल्यामुळे तो या पक्षात पडतो. प्रोक्लसने आपला गुरू सिरियानस याचे मत स्वीकारले आहे. त्यानुसार कोन या तिहींपैकी केवळ एक नसून तिन्ही अंगांनी सिद्ध होणारी वस्तू आहे.

हा वाद केवळ शाब्दिक नव्हता. कोन केवळ परिमाण असेल, तर कोणतेही दोन कोन परस्परांशी मोजता आले पाहिजेत. लहान कोन पुरेशा वेळा घेतला असता तो मोठ्या कोनास ओलांडून गेला पाहिजे. परंतु 'मूलतत्त्वे'च्या तिसऱ्या भागातील सोळाव्या प्रमेयात असा एक कोन येतो की ज्यास हा नियम लागू पडत नाही. वर्तुळ आणि त्याची स्पर्शरेषा यांमधील कोन हा सरळ रेषांच्या कोणत्याही लघुकोनाहून लहान आहे, असे तेथे सिद्ध केले आहे. तो कितीही वेळा घेतला तरी सरळ रेषांच्या अत्यंत बारीक कोनाचीही बरोबरी करीत नाही. सोळाव्या शतकात पेलतिए याने हा कोनच नव्हे असे प्रतिपादिले आणि क्लाव्हियसने त्याच्याविरुद्ध त्याचे कोनत्व समर्थिले. उलट, कोन केवळ गुण असेल तर त्याचे दोन समान भाग करणे निरर्थक ठरेल. आणि कोन दुभागण्याची रचना तर पहिल्या भागातच आहे. केवळ संबंध मानावा, तर त्या संबंधाचे कमी-अधिकत्व कशाने ठरते हे सांगावे लागते. सारांश, प्रत्येक पक्ष एकटा घेतला असता अपुरा पडतो.

४

प्रोक्लसने नोंदविलेले हे तीन पक्ष भाषांनी या कोनांना दिलेल्या नावांतही आढळतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रीक भाषेतील 'ऑक्सुस' म्हणजे तीक्ष्ण, 'आम्ब्लुस' म्हणजे बोथट आणि 'ऑर्थोस' म्हणजे ताठ उभा. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांचा अर्थही हाच आहे. ही गुणवाचक नावे होत. भारतीय भाषांत बंगालीतील 'सूक्ष्मकोण' व 'स्थूलकोण' हे शब्द याच वळणाचे आहेत.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरनरेश सवाई जयसिंग याच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट याने युक्लिडचे 'रेखागणित' या नावाने संस्कृत रूपांतर केले. त्यास नसीरुद्दीन अत्-तूसी याच्या तेराव्या शतकातील अरबी संस्करणाचा आधार होता. या परंपरेतील संज्ञा 'समकोण', 'न्यूनकोण' आणि 'अधिककोण' अशा आहेत आणि हिंदीत त्याच रूढ झाल्या आहेत. या संबंधवाचक संज्ञा होत. न्यून म्हणताच 'कशाहून न्यून' असा प्रश्न उद्भवतो आणि उत्तरासाठी समकोणाकडेच जावे लागते. 'समकोण' या शब्दातील 'सम' हे पद लगतच्या दोन कोनांच्या समतेची आठवण करून देते. युक्लिडची व्याख्या येथे नावातच सामावली आहे.

मराठीतील 'लघुकोन' व 'विशालकोन' या संज्ञा तिसऱ्या वळणाच्या, म्हणजे परिमाणवाचक आहेत. गुजरातीतील 'लघुकोण' व 'गुरुकोण' हे शब्द त्यांचे निकटचे आप्त होत. या नावांचा एक गुण असा की ती पुढे वाढविता येतात. दोन काटकोनांहून मोठ्या कोनास मराठीत 'प्रविशालकोन' हे नाव सहज मिळाले. परंतु त्यांच्यात एक धोकाही आहे. लघु आणि विशाल ही विशेषणे निरपेक्ष आकाराची आहेत. फळ्यावर हातभर लांबीच्या भुजांचा ४० अंशांचा कोन काढावा आणि त्याच्या शेजारी बोटभर भुजांचा १२० अंशांचा कोन काढावा. भाषेच्या सामान्य व्यवहारानुसार पहिली आकृती विशाल आणि दुसरी लघु ठरेल. मुलाने तसे उत्तर दिले तर त्याने भूमिती चुकविली, परंतु मराठी चुकविली असे म्हणता येत नाही. भुजांची लांबी कोनाच्या आकारात धरली जाण्याची ही चूक इतर भाषांतही होते. मराठीत मात्र नावच तिला आधार देते.

'काटकोन' हा शब्द या जोडीत निराळा उठून दिसतो. तो उरलेल्या दोहोंसारखा संस्कृत विशेषणावर बेतलेला नाही. सुतार, गवंडी यांच्या व्यवहारात तो सहज वावरतो; भिंत काटकोनात आहे की नाही हे गवंडी गुण्या लावून पाहतो. पाया आखताना एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करतात व त्या दोन खुणांमधील अंतर ५ फूट भरले की कोपरा बरोबर जुळला असे मानतात. हा व्यवहार फार जुना आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४ अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. वेदीची आखणी दोरीने होत असे आणि त्या आखणीत कोन अंशांनी मोजण्याची कल्पना नव्हती. यावरून काटकोन ही मापाच्या आधीची वस्तू आहे, या विधानास कारागिराच्या व्यवहाराचेही प्रमाण मिळते.

५

नावांच्या चर्चेतून आकृत्यांकडे वळले असता या तीन प्रकारांची विषमता अधिकच स्पष्ट होते. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असते. त्यामुळे एका त्रिकोणात दोन काटकोन किंवा दोन विशालकोन असू शकत नाहीत. प्रत्येक त्रिकोणात निदान दोन लघुकोन असतातच. म्हणून त्रिकोणाचे वर्गीकरण करताना विशालकोन एक असला तरी पुरतो, लघुकोन मात्र तिन्ही असावे लागतात. हा भेद विद्यार्थी पाठ करतो. तो कशामुळे उत्पन्न होतो हे त्यास क्वचितच सांगितले जाते. बहिर्वक्र बहुभुजाकृतीत, तिच्या बाजू कितीही असोत, तीनहून अधिक लघुकोन असू शकत नाहीत. प्रत्येक आंतरलघुकोनासोबतचा बाह्यकोन काटकोनाहून मोठा असतो आणि सर्व बाह्यकोनांची बेरीज चार काटकोन असते, हे त्याचे कारण. नियमित आकृत्यांपैकी केवळ समभुज त्रिकोणाचे कोन लघु आणि केवळ चौरसाचे काटकोन असतात. पंचकोनापासून पुढील सर्व आकृत्यांचे कोन विशाल असतात.

कोन न मोजता हा भेद ओळखण्याची रीत भारतीय गणितात होती. पायावर शिरोबिंदूतून लंब टाकला असता तो आत पडतो की बाहेर, यावरून त्रिकोण अंतर्लंब वा बहिर्लंब ठरत असे. काटकोन त्रिकोणास 'जात्य' ही संज्ञा होती. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त १० व १७ भुजांच्या आणि ९ भूमीच्या त्रिकोणाचे उदाहरण आहे. त्यात भूमीचे लंबाने होणारे दोन खंड काढले असता एक १५ येतो आणि दुसरा ऋण ६. ऋण खंड म्हणजे विरुद्ध दिशेस पडणारा खंड, असा त्याचा अर्थ लावला आहे. लंब ८ आणि क्षेत्रफळ ३६ येते. १७ चा वर्ग २८९, तर १० व ९ यांच्या वर्गांची बेरीज १८१. उरलेले १०८ म्हणजे ९ व ६ यांच्या गुणाकाराची दुप्पट. 'मूलतत्त्वे'च्या दुसऱ्या भागातील बारावे प्रमेय विशालकोनाविषयी नेमके हेच सांगते आणि तेरावे लघुकोनाविषयी याच्या उलट. अशा रीतीने भास्कराचार्यांच्या गणितात विशालकोन ऋण चिन्हाच्या रूपाने प्रकट होतो. काटकोन हा येथे शून्याच्या स्थानी आहे. त्याच्या एका बाजूस धन, दुसऱ्या बाजूस ऋण. '९०' या अंकात ही गोष्ट दिसत नाही.

६

या वर्गीकरणाने भूमितीच्या इतिहासात जे कार्य केले आहे, ते प्राथमिक पाठ्यपुस्तकाच्या कक्षेबाहेरचे आहे. एका रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवर समान लांबीचे दोन लंब उभारून त्यांची वरची टोके जोडावीत. वरचे दोन कोन परस्परांशी समान असतात. ते काटकोन आहेत, विशाल आहेत की लघु? या चौकोनाचा विचार उमर खय्यामने केला होता. इटालियन गणिती साक्केरी याने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काटकोनाची, विशालकोनाची व लघुकोनाची अशी तीन गृहीतके मांडून उरलेली दोन असंभाव्य ठरवावीत आणि त्यायोगे युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक सिद्ध करावे, असा प्रयत्न केला. अशा एका चौकोनात जे गृहीतक खरे ठरते ते सर्व चौकोनांत खरे ठरते, हेही त्याने दाखविले. विशालकोनाच्या गृहीतकाचे खंडन करताना रेषा अमर्याद वाढविता येते हे त्यास धरून चालावे लागले. लघुकोनाच्या गृहीतकातून मात्र त्याने अनेक प्रमेये काढली आणि अखेरीस ती सरळ रेषेच्या स्वभावास विसंगत असल्याचे सांगून ते गृहीतक टाकून दिले. त्यात खरी विसंगती नव्हती. सुमारे शंभर वर्षांनी लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि बोल्याईने १८३२ मध्ये जी अयुक्लिडीय भूमिती प्रसिद्ध केली, ती या लघुकोनाचीच भूमिती होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. काटकोनाची ओळख करून देताना वहीच्या पानाचा किंवा पेटीचा कोपरा दाखविण्याची प्रथा आहे. म्हणजे काटकोन हा आयताचा कोपरा अशी समजूत करून दिली जाते. परंतु लोबाचेव्हस्कीच्या प्रतलात आयत अस्तित्वातच नाही, कारण तेथे चौकोनाच्या कोनांची बेरीज चार काटकोनांहून कमी असते. काटकोन मात्र तेथेही आहे. लगतच्या दोन कोनांची समता तेथेही शक्य आहे आणि सर्व काटकोन तेथेही परस्परांशी समान आहेत. समांतर रेषांचे गृहीतक गेले तरी दहावी व्याख्या टिकते. गवंड्याचे ३, ४, ५ टिकत नाही आणि आयतही टिकत नाही. तेव्हा आयत हा काटकोनावर अवलंबून आहे, काटकोन आयतावर नव्हे.

७

येथे एक आक्षेप उपस्थित होणे स्वाभाविक आहे. अमेरिकन गणिती बर्कहॉफ याने १९३२ साली मोजपट्टी व कोनमापक यांवर आधारलेली गृहीतके मांडली. तीत कोनाचे माप ही मूळचीच गोष्ट मानली असून, तर्कदृष्ट्या ती रचना निर्दोष आहे. मग मापापासून आरंभ करण्यास हरकत कोणती? हा आक्षेप वजनदार आहे; संख्यांची सर्व शक्ती आरंभीच हाती येत असल्याने या मार्गाने सिद्धता आटोपशीर होतात, हेही मान्य केले पाहिजे. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की त्या रचनेतही काटकोनाचे माप सरळ कोनाच्या मापाच्या निम्मे म्हणूनच येते. दोन समान भागांची कल्पना तेथे लोपलेली नसून संख्येच्या आड गेलेली आहे. दुसरी अशी की ज्यास वास्तव संख्यांची व्यवस्था आधीच अवगत आहे, त्याच्यासाठी ती रचना आहे. शाळेतील मुलास ती अवगत नसते. तो कोनमापक उलटसुलट ठेवून ६० च्या जागी १२० वाचतो, आणि समोरचा कोन उघडउघड काटकोनाहून लहान आहे हे त्याच्या ध्यानी येत नाही.

डच शिक्षणतज्ज्ञ पिएर व्हान हिले आणि दीना व्हान हिले-गेल्डोफ यांनी १९५७ साली उत्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या वर्णिल्या आहेत. पहिल्या पायरीवर आकृती तिच्या एकंदर रूपावरून ओळखली जाते, दुसरीवर गुणधर्मांवरून, आणि त्यानंतर गुणधर्मांच्या परस्परसंबंधांवरून. पहिल्या पायरीवरील मुलाला कोपऱ्यावर उभा केलेला चौरस चौरस वाटत नाही. तो त्यास शंकरपाळी म्हणतो. आडव्या रेषेवर उभी रेषा दिसली तरच त्याच्या लेखी काटकोन होतो. '९० अंश' हे शब्द पाठ केल्याने तो पुढच्या पायरीवर जात नाही. जुन्या चित्रास एक नवे नाव मात्र त्यास मिळते.

मराठीतील संज्ञा बदलाव्यात असा या विवेचनाचा अभिप्राय नाही. त्या रूढ आहेत, सुबोध आहेत, आणि काटकोनासारखा व्यवहारात मुरलेला शब्द टाकून देणे अविचाराचे होईल. बदलावयाचा आहे तो क्रम. वेड्यावाकड्या फाडलेल्या कागदाची एक घडी घालावी; सरळ कड मिळते. ती कड स्वतःवरच बरोबर पडेल अशी दुसरी घडी घालावी. जो कोपरा मिळतो तो काटकोन. भावनगरी कागदाचे, मोजपट्टीचे वा कोनमापकाचे येथे काही काम पडत नाही. टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केलेल्या कागदाच्या घड्यांवरील इंग्रजी पुस्तकात भूमितीच्या रचना अशाच घड्यांनी सिद्ध केल्या आहेत. दुसरी घडी म्हणजे युक्लिडची दहावी व्याख्याच होय: लगतचे दोन कोन एकमेकांवर पडून समान ठरले. मग हा घडीचा कोपरा हाती घेऊन पतंगाचा, कौलाचा, पंचकोनाचा, कोणत्याही आकृतीचा कोन त्याच्याशी ताडून पाहावा. कागद ज्या कोनास झाकून बाहेर उरतो तो लघुकोन; जो कोन कागदाबाहेर उरतो तो विशालकोन. एवढे झाल्यावर त्या कोपऱ्याचे ९० भाग करण्याचा संकेत सांगावा. त्या वेळी ९० हा आकडा विद्यार्थ्याच्या दृष्टीने काटकोनाचे लक्षण न राहता त्याच्या मोजणीची एक सोय ठरेल; आणि लघु व विशाल हे शब्द उच्चारताना 'कशाहून' हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहील.